बडीशेप : तबकातून फोडणीत

(मंडळाच्या मासिक सभेतील भाषण)



बडीशेपेवर बोलणाऱ्याने जेवणे आटोपल्यावरच उभे राहावे, असे आपणांस वाटणे स्वाभाविक आहे. देशावरच्या घरांत ती पंगत उठल्यावरच तबकातून बाहेर येते; मीठपाणी लावून भाजलेली, तीळ, ओवा, धनाडाळ यांच्या संगतीत. कोकणाने मात्र तिला मालवणी मसाल्यात केव्हाच घेतले आहे.

सरकारी चाकरीत प्रांतोप्रांती हिंडताना आम्हांस तिची निराळीच प्रतिष्ठा दिसली. काश्मिरी पंडितांच्या रोगनजोशात कांदा-लसूण नसतो. हिंग, सुंठ आणि बडीशेपेची पूड यांवर सारी चव तोललेली असते. येथे बंगालमध्ये मेथी, कलौंजी, जिरे, मोहरी किंवा रांधुनी आणि 'मौरी', म्हणजे आपली बडीशेप, असे ५ जिन्नस अख्खेच तेलात पडतात, तेव्हा 'पाँचफोडन' पुरे होते.

नावांची गंमत पाहा. मराठीने तिला शेपूची थोरली बहीण ठरविले. तमिळ आणि मल्याळी भाषांनी जिऱ्याची. 'पेरुंजीरकम' म्हणजे मोठे जिरे. वनस्पतिशास्त्र दोघांनाही दोष देणार नाही. शेपू, जिरे, धने, ओवा ही सारी छत्रीसारखा फुलोरा धरणाऱ्या एकाच कुळातली. ग्रीसमधील मॅरेथॉनचे नावही हिच्या ग्रीक नावावरून पडले. शर्यतीशी तिचा संबंध तेवढाच!

आमच्या घरची मुले मात्र दुकानात 'मौरी' मागतात आणि घरी 'सौंफ' म्हणतात. परवा 'बडीशेप आण' म्हणताच शेपूची जुडी आली. हसलो खरे, पण त्या हसण्यात थोडी धास्तीही होती. झाड डोळ्यांसमोर असले तर नाव तोंडी राहील, म्हणून यंदा ती परसात लावली.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बी पेरावे. ऊन भरपूर हवे, पाणी साचता कामा नये. रोपे विरळ करावीत. झाड छातीच्याही वर जाते. फुलोऱ्यावर मावा पडतो, तो पाण्याच्या फवाऱ्याने धुवावा. सारे तुरे एकदम पिकत नाहीत, तेव्हा काढणी हातानेच आणि तीन-चार खेपांत. फुलल्यावर ३० ते ४० दिवसांनी, दाणा अर्धवट वाढला असता तोडून सावलीत वाळविला की कोवळी, गोड 'लखनवी' मिळते. तबकाला तीच शोभते. मसाल्यासाठी दाणा पुरता भरू द्यावा.

पेरणीपासून शेवटच्या काढणीपर्यंत सुमारे ६ महिने जातात. बदलीच्या नोकरीत एवढ्या मुदतीचे पीक धरणे धाडसाचेच. एका गावी पेरली आम्ही आणि चघळली मागून आलेल्या अधिकाऱ्याने. तक्रार नाही, आमच्या आधीच्या बिऱ्हाडाचा पुदिना आम्हीही दोन वर्षे खाल्ला होता.

थोडे बियाणे पुड्यांत बांधून आणले आहे. चहाच्या टेबलाशी मिळेल. पुडीवर नाव मराठीत लिहिले आहे. मुलांकडून ते वाचून घ्यावे आणि मगच पुडी त्यांच्या हाती द्यावी.