डब्यातल्या मांसाचा डीएनए

जनावर न कापता त्याच्या पेशी वाढवून केलेलं मांस हलाल का? सिंगापूरच्या इस्लामी परिषदेने 2024 मध्ये सांगितलं: पेशी हलाल जनावराच्या आणि बाकी घटकही हलाल असतील, तर चालेल. केजमधले माळकरी मात्र ते खाणार नाहीत. जीव वाचला म्हणून माळेचा नेम सुटत नाही. त्यात वाद घालण्यासारखं काही नाही.

मला काळजी डब्याची आहे. राज्यात 2015 पासून बैलाचीही कत्तल बंद. हे मांस तपासायला गेलं तर डीएनए गोवंशाचाच निघणार. आरोपीनेच निर्दोषत्व सिद्ध करावं, हे कलम मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये रद्द केलं. पण रस्त्यात डबा उघडायला लावणारे तो निकाल वाचून आलेले नसतात.