साथीदाराची स्वतंत्र बैठक



२३ फेब्रुवारी २०२४ रोजी एस फ्रेली या अमेरिकन गिटारवादकाचा ‘टेन थाउजंड व्होल्ट्स’ हा अल्बम प्रसिद्ध झाला. फ्रेली तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. १९७३ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेल्या ‘किस’ या हार्ड रॉक बँडचे ते पहिले मुख्य गिटारवादक. चेहऱ्यावर रंग, पायांत उंच टाचांचे बूट, मागे धूर आणि आतषबाजी अशा थाटात या बँडने जगभर कार्यक्रम केले. अशा बँडमधून बाहेर पडलेला माणूस सत्तरी ओलांडल्यावर एकट्याच्या नावाने अल्बम काढतो, तेव्हा लोक बहुधा म्हणतात, जुन्या नावावर चाललेली उतारवयातली हौस आहे, चालू द्या. हा निवाडा मला अन्यायाचा वाटतो. असा अल्बम म्हणजे साथीदाराने केलेलं स्वतंत्र वादन असतं, आणि साथीदाराचं स्वतंत्र वादन कसं जोखायचं हे मराठी श्रोत्याला कोणी नव्याने शिकवायला नको. ते काम आपण शंभर वर्षं करत आलो आहोत. म्हणूनच हा विषय हिवरा आश्रमच्या आणि मेहकर तालुक्याच्या श्रोत्यांपुढे मांडायला मला जराही संकोच वाटत नाही.

आपल्या गाण्यात पेटीवाला गायकाच्या मागे राहतो. गायकाने घेतलेली जागा तो हलकेच उचलतो, गायक श्वास घेतो तेव्हा सूर धरून ठेवतो आणि वेळ आली की बाजूला होतो. भजनी मंडळातही हेच. अभंगाची चाल पेटीवर चालते, टाळ-मृदंग तिला उभं करतात, पण लोकांच्या लक्षात राहतो तो म्हणणारा. रॉक बँडमधल्या गिटारवादकाची अवस्था याहून फार वेगळी नसते. चार मिनिटांच्या गाण्यात तीन-साडेतीन मिनिटं गायकाची असतात आणि गिटारला एकटीने बोलायला अर्धं मिनिट मिळालं तर पुष्कळ. गाण्याला ओळख देणारा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा तो छोटा सुरावटीचा तुकडा, गिटारवादकाने रचलेला असला तरी नाव गाण्याचं होतं. किसमध्ये फ्रेली पहिल्या काही अल्बमांत मुख्य गायक म्हणून गायलेच नाहीत. डिसेंबर १९७६ मध्ये फ्लोरिडातल्या लेकलँड इथे रंगमंचावरच्या कठड्याला हात लागून त्यांना विजेचा जबर धक्का बसला. त्या अनुभवावरून त्यांनी ‘शॉक मी’ हे गाणं रचलं आणि १९७७ च्या अल्बमात ते प्रथमच मुख्य गायक म्हणून ऐकू आले. पुढच्याच वर्षी, १८ सप्टेंबर १९७८ या एकाच दिवशी, किसच्या चारही सदस्यांचे चार स्वतंत्र अल्बम बाजारात आले. संगीताच्या इतिहासात अशी उघड तुलना क्वचितच घडते. बँडचा चेहरा समजले जाणारे दोघे गायक एकीकडे आणि मागे उभा राहणारा गिटारवादक दुसरीकडे. त्या चौघांच्या अल्बमांतल्या गाण्यांपैकी अमेरिकी यादीत सर्वांत वर, तेराव्या क्रमांकापर्यंत, गेलं ते फ्रेलींचं ‘न्यूयॉर्क ग्रूव्ह’. हे गाणं मूळचं रस बॅलर्ड यांचं होतं हे खरं, पण त्याला अंगकाठी दिली ती फ्रेलींच्या गिटारने. मागे बसणाऱ्याकडे सांगण्यासारखं काय साठलं होतं, ते त्या एका दिवसात कळून आलं.

महाराष्ट्रातही ही वाट पडलेली आहे. मुंबईत १९८४ मध्ये ‘रॉक मशीन’ हा बँड उभा राहिला. महेश तिनईकर त्यात गिटार वाजवत. १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा त्यांचा अल्बम आला, १९९३ मध्ये बँडने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतलं, पुढे तो विखुरला आणि पुन्हा एकत्र येऊन २०१२ मध्ये त्याने ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम केला. त्यानंतरच्या पिढीतला मुंबईचा गाजलेला बँड म्हणजे ‘झीरो’. त्याचे गिटारवादक वॉरेन मेंडोन्सा यांनी केलेलं काम माझ्या मते आजच्या विषयाचं आपल्याकडचं सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. त्यांनी ‘ब्लॅकस्ट्रॅटब्लूज’ या नावाने स्वतंत्र अल्बम काढायला सुरुवात केली. २००७ मध्ये ‘नाइट्स इन शायनिंग कर्मा’, २००९ मध्ये ‘द न्यू अल्बम’, २०१७ मध्ये ‘द लास्ट अ‍ॅनालॉग जनरेशन’. या अल्बमांत शब्द जवळजवळ नाहीत. गायक असला की श्रोता शब्दांना धरून चालतो आणि वादकाचं थोडं उणंदुणं झाकलं जातं. शब्द काढून टाकले की सुरावट कुठून निघाली, कुठे वळली, कुठे थांबायला हवी होती आणि थांबली नाही, हे सगळं उघडं पडतं. गायकाच्या मागे वीस वर्षं बिनचूक वाजवणारा माणूस पाऊण तास एकट्याने बोलू शकेलच असं नाही. तो बोलू शकतो की नाही, हे अशा अल्बमातच समजतं.

पहिला आक्षेप ठरलेला आहे: हार्ड रॉक म्हणजे गोंगाट. या आक्षेपाला भावनेने उत्तर देण्यापेक्षा हा आवाज निर्माण कसा होतो ते पाहणं बरं. इलेक्ट्रिक गिटारच्या पोलादी तारांखाली पिकअप असतो, म्हणजे लोहचुंबकावर बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांत अगदी क्षीण वीज उत्पन्न होते आणि अ‍ॅम्प्लिफायर ती मोठी करतो. अ‍ॅम्प्लिफायरला त्याच्या मर्यादेपलीकडे रेटलं, की लहरींची टोकं कापली जातात. त्याला डिस्टॉर्शन म्हणतात. त्यातून दोन गोष्टी घडतात. मूळ सुरात नसलेले वरचे उपस्वर जागे होतात, आणि आघाताचा पहिला जोर दाबला जाऊन मागची आस वर येते, त्यामुळे सूर लवकर विझत नाही. साध्या गिटारचा सूर छेडला की ओसरायला लागतो, हा सूर टिकून राहतो. आणि सूर टिकला, तरच तार बोटाने ओढून एका सुरावरून दुसऱ्या सुरावर सावकाश जाता येतं. आपण याला मींड म्हणतो. ज्याला लोक गोंगाट समजतात, त्या गुणानेच गिटारला गळ्यासारखं गाता येऊ लागलं.

याहून मोलाची गोष्ट त्या भक्कम, दणकट झंकारांत आहे. हार्ड रॉकमध्ये गिटारवादक बहुतेक वेळा पूर्ण कॉर्ड वाजवत नाही, फक्त षड्ज आणि पंचम छेडतो. त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. कारण शास्त्रीय आहे. डिस्टॉर्शनमधून दोन सूर एकत्र गेले, की त्यांच्या कंपनसंख्यांच्या फरकाएवढा तिसरा सूर तयार होतो. षड्ज आणि पंचम यांचं प्रमाण दोनास तीन. त्यांचा फरक एक, म्हणजे बरोबर खालच्या सप्तकातला षड्ज. कोणी न वाजवलेला खर्ज आपोआप उभा राहतो. गंधार मिसळला तर मात्र गढूळपणा येतो, कारण गिटारच्या पडद्यांवरचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा किंचित चढा असतो आणि डिस्टॉर्शन तो दोष मोठा करून ऐकवतं. तंबोऱ्याच्या जोडीतून स्वयंभू गंधार ऐकण्याची सवय असलेल्या कानाला यात अनोळखी असं काय आहे? पाया तोच, षड्ज-पंचमाचा. न छेडलेला सूर ऐकू येण्याचा आनंदही त्याच जातीचा. आवाजाची पातळी किती ठेवावी हा प्रश्न वेगळा आणि रास्त आहे. इस्पितळाजवळ, रात्री उशिरा कानठळ्या बसवणाऱ्या स्पीकरच्या भिंती कोणी उभ्या करू नयेत, मग त्यांतून रॉक वाजो की आणखी काही. पण अल्बम घरात ऐकताना आवाज किती ठेवायचा हे श्रोत्याच्या हातात असतं.

दुसरा आक्षेप असा, की हे परकं वाद्य आणि परकं संगीत. आपल्या मातीशी त्याचा काय संबंध? आकाशवाणीवरून बोलताना या आक्षेपाचं उत्तर आकाशवाणीच्याच इतिहासातून देता येतं. हार्मोनियम युरोपातून आली. तिच्या पट्ट्या ठरलेल्या, मींड अशक्य, श्रुती निसटलेल्या, अशी कारणं देऊन १९४० मध्ये तिला ऑल इंडिया रेडिओवर बंदी झाली आणि ती तीसेक वर्षं टिकली. कारणं खोटी नव्हती. पेटीतले दोष खरे होते आणि आजही आहेत. तरीसुद्धा गोविंदराव टेंबे यांच्यापासून गोविंदराव पटवर्धन, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांच्यापर्यंतच्या वादकांनी त्या दोषांसकट पेटीला आपली केली. ज्या पट्ट्यांतून मींड निघत नाही, त्यांतून मींडेचा भास त्यांनी बोटांनी निर्माण केला. व्हायोलिन युरोपातलंच, आणि त्यातून डी. के. दातारांनी गायकी अंग उभं केलं. गिटारही आपल्या रागसंगीतात केव्हाच येऊन बसली आहे. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या बरोबरीने ब्रिजभूषण काब्रांची गिटार आहे. वाद्य कुठून आलं यावरून त्याची लायकी ठरत नाही, हा निकाल आपल्या संगीताने वारंवार दिलेला आहे.

आणि हिवरा आश्रममध्ये तर या प्रश्नावर एक मोठा साक्षीदार आहे. शुकदास महाराजांनी इथे ज्यांच्या नावाने आश्रम उभारला, ते स्वामी विवेकानंद स्वतः जाणते गायक होते, पखवाज वाजवत होते. संन्यास घेण्यापूर्वीच, नरेंद्रनाथ दत्त या नावाने, १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘संगीतकल्पतरू’ या बंगाली गीतसंग्रहाच्या संपादनात त्यांचा वाटा होता. पाश्चात्त्य संगीताबद्दल बोलताना त्यांनी मोकळेपणाने सांगितलं होतं, की सुरुवातीला आपलंही त्याविषयी चांगलं मत नव्हतं, पण लक्ष देऊन ऐकत गेल्यावर ते उलगडत गेलं आणि मन थक्क झालं. त्यांनी ऐकलेलं संगीत हार्ड रॉक नव्हतं, हे उघड आहे. पण आधी ऐकावं, समजून घ्यावं आणि मगच मत द्यावं, ही त्यांची पद्धत कुठल्याही संगीताला लागू पडते. दरवर्षी त्यांच्या जन्मोत्सवाला लाखो माणसं जिथे एका पंगतीत बसतात, तिथे कानांनी सोवळं पाळायचं कारण नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. वय झालं की बोटं मंदावतात; मग पंचविशीत वाजवलेलंच पुन्हा हळू गतीने का ऐकायचं? हे काही अल्बमांच्या बाबतीत खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. खुद्द फ्रेलींनी २०१६ आणि २०२० मध्ये ‘ओरिजिन्स’ नावाचे दोन अल्बम काढले. त्यांत मुख्यतः इतरांची जुनी गाणी पाहुण्या कलाकारांना घेऊन वाजवलेली आहेत. ते ऐकायला सुखद आहेत, पण स्वतंत्र वादन म्हणून मी त्यांना वरचं स्थान देणार नाही. ‘टेन थाउजंड व्होल्ट्स’ त्यांच्यापेक्षा मोठा ठरतो, कारण तिथे गिटारवादक स्टीव्ह ब्राऊन यांच्या जोडीने फ्रेली पुन्हा नवी गाणी रचायला बसले. मात्र बोटांचा वेग आणि सांगण्याची ताकद ही एकच गोष्ट आहे, हे मला मान्य नाही. बर्मिंगहॅमचे गिटारवादक टोनी आयोमी यांचं उदाहरण पाहा. सतरा वर्षांचे असताना पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. ते डावखुरे, म्हणजे तारा दाबायचा तोच हात. त्यांनी प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर कातडं चढवलं, हलक्या तारा लावल्या, पुढे तारांचा ताण कमी करून सूर खाली उतरवले. त्या उतरलेल्या, जड सुरांतून ‘ब्लॅक सॅबथ’ या त्यांच्या बँडचा नाद निघाला आणि पुढच्या सगळ्या हेवी मेटल संगीताने तो उचलला. ज्या हाताला पूर्वीसारखं वाजवणं शक्य नव्हतं, त्याने वाजवण्याची रीतच बदलली. वय हीसुद्धा तशीच एक मर्यादा आहे. शंभर सुरांऐवजी वीस घ्यायचे ठरले, की कोणते वीस, हा प्रश्न उभा राहतो, आणि चांगला वादक त्याचं उत्तर आयुष्यभराच्या ऐकण्यातून देतो. आपल्याकडे साठीनंतरच्या गवयाकडे तानांच्या तयारीसाठी कोणी जात नाही. तो एक सूर कसा लावतो ते ऐकायला जातात. तीच मुभा गिटारवाल्याला का नसावी?

मोबाईलवर तीस सेकंदांचे तुकडे ऐकण्याच्या दिवसांत अख्खा अल्बम कोण ऐकणार, असंही विचारलं जातं. ऐकणारे कमी झाले आहेत हे खरं. पण अर्धं मिनिट तर गिटारवादकाला बँडमध्येही मिळत होतं. त्याहून जास्त जागा हवी होती, म्हणून तर त्याने अल्बम केला. त्यातला तुकडा ऐकून मत देणं म्हणजे त्याला पुन्हा गायकाच्या मागे नेऊन बसवणं.

एस फ्रेली १६ ऑक्टोबर २०२५ रोजी चौऱ्याहत्तराव्या वर्षी गेले. ‘टेन थाउजंड व्होल्ट्स’ हा त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेला शेवटचा अल्बम. श्रोत्यांना माझी विनंती आहे, की त्यांचा १९७८ चा अल्बम आणि हा अल्बम लागोपाठ ऐकावेत. मधल्या पंचेचाळीस वर्षांत हात कुठे बदलला आणि कुठे तसाच राहिला, ते कानांना समजेल. इंग्रजी शब्दांची अडचण वाटत असेल तर वॉरेन मेंडोन्सा यांच्या ‘द लास्ट अ‍ॅनालॉग जनरेशन’पासून सुरुवात करावी. आणि गावोगावच्या उत्सव मंडळांना एक सांगणं आहे: येत्या सप्ताहात किंवा गणेशोत्सवात, वर्षानुवर्षं इतरांच्या मागे पेटी वाजवणाऱ्या आपल्या गावच्या माणसाला अर्धा तास एकट्याने वाजवायला बसवा.