सल्ला फुकट, पथ्य महाग

(काष्टी, ता. श्रीगोंदा येथे मंडळीच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज हृदयाच्या आरोग्यावर बोलायला सांगितले आहे. मी डॉक्टर नाही. पारधी आणि भिल्ल वस्त्यांवर जाणारी एक कार्यकर्ती आहे. म्हणून औषधांविषयी कमी आणि चुलीविषयी जास्त बोलेन.

डॉक्टरांची यादी आपल्या सर्वांना पाठ आहे. मीठ कमी, तेल कमी, तंबाखू बंद, रोज अर्धा तास चालणे, पालेभाजी, फळे, पुरेशी झोप, गोळी न चुकवणे. यादी अगदी बरोबर आहे. पण ती वस्तीवर नेऊन एकेक ओळ वाचून पाहा.

पहिली ओळ, चालायची. कुकडी आणि घोडच्या पाण्याने आपल्या तालुक्यात ऊस उभा राहिला. वस्तीवरची काही कुटुंबे दिवाळीच्या सुमारास तोडीला बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेऊन खर्च झालेली असते. पहाटे फडात उतरायचे आणि गाडी रात्री कितीही वाजता आली तरी मोळ्या भरायच्या. अशा बाईला आपण म्हणतो, ‘मावशी, जरा चालत जा.’ ती हसते. चालण्याची तिला कमी नाही, झोपेची आहे.

दुसरी ओळ, मिठाची. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक चमचाही पूर्ण भरणार नाही इतकेच मीठ खावे. रेशनवर प्राधान्य कार्डाला माणशी 5 किलो धान्य मिळते आणि त्याचा मोठाच आधार आहे. पण भाजी, डाळ आणि तेल विकतच घ्यावे लागते. कोरडी भाकरी घशाखाली उतरायला मग ठेचा, खारातली मिरची, नाहीतर सुकट. मीठ वाढते ते जिभेच्या चोचल्याने नव्हे, ताटात भाजी नसते म्हणून. बाई सर्वांत शेवटी जेवते, त्यामुळे तिच्या वाट्याला बहुधा ठेचाच उरतो.

तिसरी ओळ, तंबाखूची. मिश्री दात घासायला म्हणून सुरू होते. पुढे ती भूक मारते, झोप उडवते, कामाला उभे करते. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर ताण येतो, हे बायकांना सांगून पटते. पण ‘मग सकाळी पोटात काय घालू?’ हा त्यांचा प्रश्न खरा असतो. एका वस्तीवर बायकांनी मिळून भाजलेले फुटाणे आणि शेंगदाणे पदराला बांधायला सुरुवात केली. सगळ्यांची मिश्री सुटली नाही, काहींची सुटली.

चौथी ओळ, गोळीची. रक्तदाबाची गोळी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. पण बाह्यरुग्ण विभाग सकाळी उघडतो आणि मजुरीही सकाळीच सुरू होते. म्हणजे फुकटच्या गोळीची किंमत एक दिवसाचा रोज आणि जाण्यायेण्याचे भाडे. वरचा आकडा 140 झाला तरी काही दुखत नाही. मग न दुखणाऱ्या आजारासाठी कोण रोज बुडवेल?

हे फक्त आपल्याकडचे नाही. इंग्लंडमध्ये 1967 पासून लंडनच्या सरकारी नोकरांचा मोठा अभ्यास झाला. सगळे पगारदार, कोणी उपाशी नाही. तरी सर्वांत खालच्या हुद्द्यावरच्या पुरुषांत हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत वरच्या साहेबांपेक्षा तीनपटीहून अधिक निघाले. सिगारेट, रक्तदाब, चरबी हे सगळे हिशेबात धरले तरी बराच फरक उरलाच. माणसाची समाजातली पायरी त्याच्या हृदयावर उमटते, हे तेव्हा दिसले.

आपल्या पारधी बांधवांना तर इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरवले. तो कायदा 1952 मध्ये गेला, संशय गेला नाही. एका जागी राहू न दिल्यामुळे कागदपत्रे नाहीत. महात्मा फुले योजनेत हृदयाच्या शस्त्रक्रिया होतात, पण कागद नसलेला माणूस त्या दारापाशीच अडतो.

मग करायचे काय? उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. लोकांनी त्यांच्याकडे आधी औषध मागितले नाही, अन्न आणि पाणी मागितले. त्यांनी तिथूनच सुरुवात केली आणि गावातल्याच, फारशा न शिकलेल्या बायकांना आरोग्याचे काम शिकवले. आधी गरज, मग उपदेश, हा क्रम आपण त्यांच्याकडून घ्यावा.

आपल्यासाठी चार कामे सांगते.

एक, रक्तदाब मोजण्याचे यंत्र वस्तीवर संध्याकाळी न्यायचे. शनिवारी काष्टीच्या बाजाराला सगळेच येतात, तेव्हा तिथेही तपासणी करायची. लोकांचा रोज बुडता कामा नये.

दोन, तोडीला निघण्याआधी प्रत्येक रुग्णाला डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढच्या महिन्यांच्या गोळ्या आणि उपचाराचे कार्ड मिळवून द्यायचे.

तीन, प्रत्येक झोपडीमागे सांडपाण्यावर शेवगा आणि थोडी पालेभाजी. ताटात भाजी आली की ठेचा आपोआप कमी होतो.

चार, रेशनकार्ड आणि आधार काढायला सोबत जायचे. तहसीलमध्ये आपल्यापैकी एक जण शेजारी उभा असला की वागणूक बदलते, हे मी पाहिले आहे.

आणि एक गोष्ट आजच घरोघर सांगा. छातीत दाब, डाव्या हाताकडे जाणारी कळ, घाम, दम लागणे याला पित्त समजून सोडा पीत बसू नका. 108 ला फोन करा.

याकोबाच्या पत्रात उघड्या आणि उपाशी भावाला नुसत्या शुभेच्छा देऊन वाटेला लावणाऱ्याविषयी काय म्हटले आहे, ते आपण जाणता. आपल्या देणग्यांतून यंत्रे येतील, बियाणे येईल. पण संध्याकाळी वस्तीवर यायला माणसे हवीत. सभा संपल्यावर मी दाराशी वही घेऊन बसणार आहे. महिन्यातली एक संध्याकाळ देऊ शकणाऱ्यांनी नाव लिहावे.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो.