पासष्टीनंतर दिव्यांगांचं अनुदान

चोपड्याचे असोत की साक्रीचे, संजय गांधी निराधार योजनेतून अनुदान घेणारे अनेक दिव्यांग बांधव विचारतात, ‘पासष्टी उलटली की पैसे बंद होतात का?’

बंद होत नाहीत, योजना बदलते. संजय गांधी योजना 65 वर्षांपर्यंत. त्यापुढे श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना लागू होते. दोन्हींत महिना 1500 रुपये मिळत. ऑक्टोबर 2025 पासून दोन्ही योजनांतल्या दिव्यांगांना 2500 रुपये मंजूर आहेत.

गोम इथेच आहे. श्रावणबाळमध्ये नाव गेलं, पण तुमची नोंद नुसती ‘वृद्ध’ अशी झाली, तर वरच्या हजाराला मुकाल. म्हणून तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत जाऊन युडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राची, प्रत द्या आणि दिव्यांग म्हणून नोंद आहे ना, हे विचारून घ्या.

जन्मतारीखही बघा. आपल्याकडे निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस 1 जूनला, मास्तरांची कृपा! आधारवर एक साल आणि युडीआयडीवर दुसरं असेल, तर वेळीच दुरुस्त करा. पैसे थेट बँक खात्यात येतात, तेव्हा खातं आधारशी जोडलेलं हवं. दरवर्षीची हयातीची नोंदही चुकवू नका.

दारिद्र्यरेषेखालच्या, 80 टक्के अपंगत्व असलेल्यांसाठी केंद्राची वेगळी इंदिरा गांधी दिव्यांग योजना आहे. तिची वयोमर्यादा मात्र 79 वर्षं.