गाई उलटतात? वळूही तपासा



गाय वळूला दाखवली.
२१ दिवसांनी ती पुन्हा माजावर आली.
एखादी गाय उलटली, तर दोष गाईत असू शकतो.
पण एकाच वळूच्या चार-पाच गाई उलटल्या...
तर आधी वळू तपासा.

खिल्लार वळू अंगाने भरलेला, वशिंड डौलदार.
त्याच्यावर शंका घ्यायला मन धजत नाही.
पण उडी मारतो म्हणजे गाय गाभण राहील, असं नाही.

पशुवैद्यक आधी त्याला चालवून बघतात.
मागचा पाय दुखत असेल, खूर वाढले असतील, तर तो उडी टाळतो.
मग ते अंडकोष हळूच चाचपतात.
दोन्ही जवळपास सारखे हवेत. घट्ट, पण लवचिक.
टेपने घेर मोजतात.
शेवटी वीर्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात.
वीर्य चांगलं असेल, तर त्यात लाटा उसळताना दिसतात.

आता हे नीट ऐका.
शुक्राणू तयार व्हायला साधारण २ महिने लागतात.
म्हणजे आजचा दोष मागच्या तापाचा असेल, वैशाखातल्या उन्हाचा असेल.
म्हणून एकाच तपासणीवरून वळू बाद करू नका.
चांगल्या रक्ताचा जातिवंत वळू घाईने विकला जातो, याचं फार वाईट वाटतं.
त्याला सावली द्या, विश्रांती द्या.
२ महिन्यांनी पुन्हा तपासा.

नवा वळू आणलात, तर ब्रुसेलोसिससाठी त्याचं रक्त आधी तपासून घ्या.
हा रोग माणसालाही होतो.

आणि गोठ्यात एक वही ठेवा.
कोणती गाय, कोणत्या तारखेला दाखवली, उलटली की राहिली...
पशुवैद्यक आले, की आधी ती वही त्यांच्या हातात द्या.