पिकवलेले टिकवण्याचा संकल्प

(हर्सूल येथे शेतकरी व गृहिणींसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आपल्या हर्सूलपासून हाकेच्या अंतरावर जाधववाडीची बाजार समिती आहे. टोमॅटोचा भाव कोसळला की शेतकऱ्यापुढे एकच प्रश्न उभा राहतो : माल विकून गाडीभाडे तरी निघेल काय? निघत नसेल, तर तो माल रस्त्याच्या कडेला ओततो. अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्या समाजात हे दृश्य आपण किती दिवस मुकाट्याने पाहणार आहोत?

हा प्रश्न केवळ आपला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१९ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार, जगात पिकणाऱ्या अन्नापैकी सुमारे १४ टक्के अन्न काढणीनंतर, किरकोळ दुकानात पोहोचण्यापूर्वीच नष्ट होते. श्रीमंत देशांत बरेचसे अन्न ताटात वाया जाते. गरीब देशांत ते शेतात, खळ्यावर आणि वाटेत नासते. भारतातील नासाडीचा हिशेब लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेने २०१५ मध्ये मांडला. २०१४ च्या घाऊक दरांनी ती ९२,६५१ कोटी रुपयांची भरली. फळे-भाज्यांत हे प्रमाण पिकानुसार साडेचार ते जवळजवळ सोळा टक्के होते.

यावर जगभर प्रयत्न सुरू आहेत. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने आफ्रिकेतील चवळीसाठी तीन पदरी पिशवी विकसित केली. आतले दोन पदर हवाबंद, बाहेरचा विणलेला. आतील प्राणवायू संपताच कीड मरते. औषध लागत नाही. आपल्या वाडवडिलांचे पेव याच तत्त्वावर चालत असे. जमिनीत धान्य पुरून तोंड लिंपले की हवा कोंडली जाई. परदेशी शास्त्रज्ञांनी प्रयोगांनी जे सिद्ध केले, त्याचे बीज आपल्या घरात होते. आपण मात्र पेव बुजवले आणि बळद पाडले. याचा अर्थ नवे नाकारावे असा नव्हे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विटांच्या दोन भिंतींमध्ये ओली वाळू भरून विजेविना चालणारा शीतकक्ष तयार केला. तो आज किती शेतांवर दिसतो, हे प्रत्येकाने स्वतःलाच विचारावे.

आता आपल्याच मातीतील उदाहरण पाहा. डॉ. वैभव तिडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या एसफोरएस टेक्नॉलॉजीज या संस्थेने सौर वाळवणयंत्र बनवले आणि आपल्या जिल्ह्यातील अल्पभूधारक भगिनींच्या हाती दिले. बाजारात भाव न मिळणारा भाजीपाला त्या गावातच वाळवतात आणि संस्था तो विकत घेते. या कार्याला नोव्हेंबर २०२३ मध्ये सिंगापूर येथे अर्थशॉट पुरस्कार मिळाला. दहा लाख पौंडांचा हा सन्मान मोठा आहेच. पण त्याहून मोठा आहे त्यातील धडा. निव्वळ यंत्र वाटले तर त्यावर धूळ बसते. यंत्रासोबत खात्रीचा खरेदीदार आला, तरच नासाडी थांबते आणि चार पैसे घरच्या लक्ष्मीच्या हाती पडतात.

आपल्या राज्यात आशियाई विकास बँकेच्या १० कोटी डॉलरच्या साह्याने २०२१ मध्ये ‘मॅग्नेट’ प्रकल्प हाती घेण्यात आला. मोसंबी, डाळिंब, सीताफळ ही आपली पिके त्यात आहेत. परंतु हे साह्य कर्जरूपाने आहे, दान नव्हे. ते जनतेच्याच पैशातून फेडायचे आहे. म्हणून शीतगृह कोठे उभे राहिले, त्याचा लाभ दोन एकरवाल्याला झाला की नाही, याचा हिशेब मागणे हे आपले कर्तव्य ठरते.

सरकार करील, परदेशी संस्था करतील, असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन गावात एक वाळवणकेंद्र उभारावे. शहरातील कुटुंबांनी सुकवलेली मेथी, कांदा, टोमॅटो थेट त्यांच्याकडून घ्यावा. वाळवण ही आपल्या आजीची विद्या आहे. तिला कमीपणा मानू नका. पिकवण्यासाठी घाम गाळणारा हात रस्त्यावर माल ओतताना थरथरतो. तो हात सावरणे, हीच खरी अन्नपूर्णेची पूजा होय.