आवाज मोठा, की फाटका?

मांडवात भाषण सुरू असतं. मागच्या रांगेतून आरोळी येते, "आवाज वाढवा!" स्पीकरवाला बटण पिळतो. शब्द आणखीच कळेनासे होतात. मग पुन्हा आरोळी, "अजून वाढवा!" गेली पस्तीस वर्षं त्या बटणामागे बसून मी हा खेळ पाहतो आहे.

धंद्यात नवा होतो तेव्हा एका जत्रेत कीर्तनाला साउंड लावला होता. ॲम्प्लिफायरवरचा लाल दिवा सारखा पेटत होता. मला वाटलं, यंत्र जोमात आहे! तासाभरात दोन्ही बॉक्समधले ट्विटर जळाले. मालकानं पैसे पगारातून कापले, त्याचं एवढं काही नाही. पण बुवा ऐन उत्तररंगात होते आणि मागं बसलेल्या म्हाताऱ्या एकमेकींना विचारत होत्या, "काय म्हणाले गं?" ते अजून आठवतं. 'स', 'श', 'त' ही अक्षरं नीट ऐकू येतात ती ट्विटरमुळे. ते गेले, की नुसता घुमारा उरतो.

झालं काय होतं? आवाजाची लाट डोंगरासारखी वर चढते, खाली उतरते. ॲम्प्लिफायरला आतून मिळणाऱ्या व्होल्टेजला मात्र मर्यादा असते, घराला माळा असतो तशी. लाट माळ्याला टेकली, की तिचा शेंडा कापला जातो. यालाच क्लिपिंग म्हणतात. आपण म्हणतो, आवाज फाटला. कापलेल्या लाटेतून मुळात नसलेले कर्कश सूर तयार होतात आणि ते थेट ट्विटरकडे जातात. शिवाय शुद्ध सुराला १०० वॅट देणारा ॲम्प्लिफायर पुरता फाटला, तर जवळजवळ दुप्पट ताकद स्पीकरमध्ये ओतू शकतो. बिचारा ट्विटर किती सोसणार?

दुसरी चूक म्हणजे ॲम्प्लिफायरचं बटण गाडीच्या ॲक्सिलरेटरसारखं वापरणं. बटण अर्ध्यावर म्हणजे ताकद अर्धी, असं नसतं. पूर्ण ताकद यायला मिक्सरकडून किती सिग्नल लागेल, एवढंच ते ठरवतं. त्यामुळे बटण कमी असूनही आवाज फाटू शकतो.

म्हणून कार्यक्रमाआधी मी दहा मिनिटं काढतो. स्पीकरच्या वायरी सोडवतो. मोबाइलवरून १०० हर्ट्‌झचा एकसारखा सूर मिक्सरला देतो. कार्यक्रमात मिक्सरचे दिवे जास्तीत जास्त जिथवर जाऊ द्यायचे, तिथवर आणतो. मग ॲम्प्लिफायरचं बटण शून्यापासून हळूहळू चढवतो. लाल दिवा जरासा लुकलुकला, की थांबतो आणि थोडं मागं येतो. स्पीकर जोडल्यावर ॲम्प्लिफायर जरा आधीच दमतो, त्यासाठी ही सूट. दिवा नसेल तर मल्टीमीटर एसी व्होल्टवर लावावा. ८ ओहमच्या स्पीकरला १०० वॅट म्हणजे सुमारे २८ व्होल्ट, २०० वॅट म्हणजे ४०. त्याच्या अलीकडे थांबावं. मग बटणाला चिकटपट्टी लावतो, म्हणजे हौशी हात पोचत नाहीत.

आणि आवाज माइकपाशी किंवा मिक्सरमध्येच फाटला असेल, तर पुढं कितीही कमी करा, तो फाटकाच राहतो. म्हणून तपासणी माइकपासून करायची. कानही सांगतात. 'स' बोचायला लागला, मृदंगाची थाप घुमायची सोडून 'फट्' वाजू लागली, की समजावं.

मग मागच्यांचं काय? कानाला आवाज दुप्पट वाटायचा, तर ताकद सुमारे दहापट लागते. १०० वॅटचे १००० कुठून आणणार? त्यापेक्षा मांडवाच्या मध्यावर दोन बॉक्स जास्तीचे उभे करावेत. हल्ली मी तेच करतो. पुढच्यांचे कान वाचतात, मागच्यांना शब्द कळतात.

एक विनंती तुम्हालाही. पुढच्या वेळी मागं बसाल तेव्हा "आवाज वाढवा" म्हणण्याआधी क्षणभर कान द्या. ऐकूच येत नाही, की ऐकू येतंय पण कळत नाही? कळत नसेल, तर स्पीकरवाल्याकडे जाऊन तेवढंच सांगा. तो बटण पिळणार नाही, मागं घेईल.